सर्वांना मनाई

सोमवार, ३ मार्च

पाच आठवड्यांनी ऑफिसला गेलो. साडेनऊला पोचलो. सहाही संगणक चालू करून पाहिले. दोन नंबरच्या रेकॉर्डिंग खोलीचा दरवाजा खाली घासतो. सहाला निघालो. येताना साबण आणला. जेवलो.

ही वही मुलीने दिली. परवा तिच्या घरी परत जाताना माझ्या हातात ठेवून म्हणाली, "बाबा, बोलत नाही ना, मग लिहा तरी." आज फोनवर विचारलं, लिहिलंत का. मी हो म्हटलं. आता ते खरं करणं भाग आहे.

काय लिहायचं ते तिने सांगितलं नाही. ऑफिसबद्दल लिहितो. तिथे निदान रोज काहीतरी बिघडतं.

आमची संस्था अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. माणसं नऊ. संगणक आणि रेकॉर्डिंग माझ्याकडे. कोणता फोल्डर कोणी उघडायचा आणि कोणी नाही, हेही मीच ठरवतो. माझी बायको, ही, तिथे वाचक होती. एकोणीस वर्षं. वाचक क्रमांक सात.

आज मी आत शिरलो तेव्हा सगळे एकदम उभे राहिले. मला वाटलं वीज गेली.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी संचालिकांनी बैठक घेतली. विषय मी. म्हणजे मी नसताना काय झालं, हा.

"तुम्ही नव्हतात, तर पाच आठवडे आम्ही नुसते हात चोळत बसलो," त्या म्हणाल्या. "हे उघडत नाही, ते उघडत नाही. एका माणसावर संस्था अडून राहू नये हो."

"बरोबर आहे."

"तर मग सगळं सगळ्यांना उघडा."

"सगळं?"

"सगळं. आपण काय एकमेकांपासून लपवतोय?"

मी म्हटलं, घरातही सगळी आपलीच माणसं असतात, तरी संडासाला दार असतं. यावर सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

"मला काय, दार असलं काय नि नसलं काय," तपासनीस म्हणाले, "तसंही दिसत नाही." यावर तर संचालिकाही हसल्या. तपासनीस जन्मापासून आंधळे आहेत. प्रत्येक रेकॉर्डिंग बाहेर जाण्याआधी ते ऐकतात आणि चुका काढतात. वाचकाने एक श्वास जास्त घेतला तरी त्यांच्या यादीत येतो. मला साहेब म्हणतात. एवढ्या वर्षांत त्या शब्दात आदर किती आणि थट्टा किती, ते मला ठरवता आलेलं नाही.

ठराव झाला. पारदर्शकता हा शब्द संचालिकांनी चार वेळा वापरला.

एक वाजता ग्रंथपालबाईंचा संगणक अडकला. मी त्यांच्या टेबलापाशी गेलो, तर त्यांनी डबा उघडलेलाच होता. "सुरू व्हायला वेळ लागतो ना, तोवर दोन घास खा," म्हणाल्या. खाल्ले. संगणक चालूच होता, फक्त पडदा बंद केलेला. बटण कुठे आहे ते दाखवलं.

गुरुवार, ६ मार्च

कालही बरोबर एक वाजता ग्रंथपालबाईंचा संगणक अडकला, आजही. काल वायर निघाली होती. आज पुन्हा पडदा बंद. बाईंनी एम.ए. केलं आहे.

आज ठरावाची अंमलबजावणी केली. एकेका फोल्डरवर जाऊन टिचक्या मारत बसलं तर आठवडा जाईल. काळी खिडकी उघडायची आणि एक ओळ टाइप करायची: फोल्डरचं नाव, मग 'सर्व', मग सर्वांना काय करू द्यायचं त्याचं एक अक्षर, मग आतल्या सगळ्या फायलींनाही हेच लागू अशी खूण. एंटर. झालं. वाचू द्यायचं तर एक अक्षर, बदलू द्यायचं तर दुसरं, पुसण्यासकट सगळं करू द्यायचं तर तिसरं. ठरावात 'सगळं' असं लिहिलं आहे, म्हणून मी तिसरं अक्षर टाकलं. सांगितल्या कामाचा मी आहे.

फोल्डर बत्तीस. एकतीस झाले. शेवटचा 'वाचक ०७' राहिला, कारण वेळ संपली. चार वाजले होते.

नंतर साडेपाचला रोजच्याप्रमाणे हेडफोन लावून आवाजाची पातळी तपासली. सोमवारपासून तपासतो आहे. ०७ मधल्याच फायली घेतो, कारण त्या स्वच्छ आहेत.

शुक्रवार, ७ मार्च

पारदर्शकतेचा पहिला दिवस. दहा वाजता एक गोष्टीचं पुस्तक गायब झालं. साडेदहाला ते रजेच्या अर्जांत सापडलं. कोणीतरी ओढत नेताना हात सुटला. कोणी ते कोणालाच माहीत नाही. बाराला दोघांनी एकच फाईल एकाच वेळी सुधारली आणि दोघांच्याही सुधारणा गेल्या. संचालिका म्हणाल्या, "सुरुवातीला असं होणारच." मी मान डोलावली. सुरुवात फार मोठी नसावी एवढीच आशा.

तीन वाजता खरं झालं. ग्रंथपालबाई आनंदाने सांगत आल्या, "तुमचं एक काम हलकं केलं. जागा संपली, संपली म्हणून यंत्र ओरडत होतं. वाचक चारचं सगळं कच्चं काढून टाकलं. केवढी जागा झाली."

कच्चं म्हणजे खोलीत जसं रेकॉर्ड होतं तसं. चुका, परत वाचलेल्या ओळी, खोकला, पाणी पिणं, मध्येच केलेल्या गप्पा. त्यातून कापून पक्की फाईल होते आणि ती मुलांकडे जाते. कच्च्याचा आकार फार मोठा असतो, म्हणून त्याची दुसरी प्रत ठेवायची नाही, असा नियम आहे. नियम मीच केलेला. आठ वर्षांपूर्वी. त्याबद्दल संचालिकांनी माझं कौतुकही केलं होतं.

"वाचक चारांना विचारलंत?" मी म्हटलं.

"अहो, त्या तर सहा वर्षांपूर्वी सोडून गेल्या. त्यांना काय करायचंय?"

मी जाऊन पाहिलं. कच्चं खरंच गेलं होतं.

चारला नव्या वाचक आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. हिचं भूगोलाचं पुस्तक त्या पूर्ण करणार. चौदा प्रकरणं आहेत. पहिली आठ मुलांकडे गेली. नववं हिने वाचलं, पण कापायचं राहिलं. दहावं सुरू झालं नाही. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

"मला त्यांचं नववं ऐकायला मिळेल का?" बाई म्हणाल्या. "कुठे थांबतात, नावं कशी उच्चारतात, ते कळलं तर बरं. मुलांना मध्येच परकं वाटायला नको."

आवाज चांगला आहे. त्याला माझा इलाज नाही.

मी सांगितलं, डिस्कचं काम चालू आहे.

शनिवार, ८ मार्च

काल एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे लिहिली नाही.

काल पाच वाजून गेल्यावर मी ०७ ला कुलूप लावलं. वाचक चारचं जे झालं ते पाहून कोणीही हेच केलं असतं. परवानगी न देणं एक आणि मनाई करणं दुसरं. परवानगी नसली तर ती दुसऱ्या वाटेने मिळू शकते. मनाई लिहिली की ती सगळ्या परवानग्यांच्या वर. कोणाच्या खात्याला आधी काय दिलं होतं, ते मग संगणक बघत नाही. मी ओळ टाइप केली: फोल्डर ०७, मनाई, सर्व, सगळ्याच गोष्टींना, आतल्या फायलींसकट. एंटर. मनात म्हटलं, आता या म्हणावं जागा करायला.

साडेपाचला हेडफोन लावले, पातळी तपासायची म्हणून ०७ वर टिचकी मारली. उत्तर आलं, तुम्हाला परवानगी नाही.

'सर्व' यात मीही येतो.

हे मी एकवीस वर्षं नवीन माणसांना शिकवत आलो आहे. सर्वांना मनाई कधीही करू नका, सर्वांमध्ये आपण असतो. दर वेळी कोणीतरी विचारतं, एवढा मूर्ख कोण असेल. मी म्हणायचो, असतात.

काल तो भेटला.

हेडफोन काढून ठेवले. मनाई काढायची ओळ टाइप केली. तीही नाकारली. कुलूप बदलण्याचीही मनाई मीच केली होती. काम पक्कं करायची सवय.

सोमवार, १० मार्च

मार्ग आहे. नसता तर सोपं झालं असतं.

प्रत्येक फोल्डरला एक मालक असतो. ज्याने तो केला, तो. मनाई कितीही असली तरी मालकाला कुलूप बदलता येतं. ०७ ची मालक ही आहे. हिचं खातं मी अजून बंद केलेलं नाही. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खातं पुसलं की यादीत जिथे जिथे तिचं नाव आहे तिथे एक लांबलचक आकडा येतो. संगणक म्हणतो, कोणीतरी होतं, कोण ते माहीत नाही.

दुसरं म्हणजे माझ्यासारख्या व्यवस्थापकाला कोणाचीही मालकी स्वतःकडे घेता येते. त्यालाही एकच ओळ. मग मालक या रकान्यात तिच्याऐवजी माझं नाव येईल. तो रकाना कोणी बघत नाही. मी बघतो.

आज ती ओळ टाइप केली आणि खोडली. यात सकाळ गेली.

संचालिकांना सांगितलं, डिस्क. नव्या वाचकबाईंना सांगितलं, डिस्क. त्यांनी विचारलं, "किती दिवस लागतील?" मी म्हटलं, ते डिस्कवर आहे. बाई शिक्षिका होत्या. गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघतात तशा त्या माझ्याकडे बघत होत्या.

एक वाजता ग्रंथपालबाईंचा माऊस चालेना. उलटा धरला होता. त्या डब्यात हल्ली फार जास्त आणतात, त्यांना अंदाज राहिलेला दिसत नाही.

मुलीचा फोन. "काय चाललंय?" "काम." "आणि?" "आणि काय, काम." "आईचा आवाज मला पाठवणार होतात," म्हणाली. "कुठलाही चालेल. वाचतानाचा नको, बोलतानाचा." बघतो म्हटलं. तिलाही डिस्क सांगितली.

बुधवार, १२ मार्च

साडेपाचला सगळे गेल्यावर तपासनीस माझ्या खोलीत आले. त्यांची खोली शेजारची, मध्ये प्लायवूडची भिंत. काठी टेबलाला टेकवली, खुर्ची चाचपून बसले.

"साहेब, डिस्क कशी आहे?"

"काम चालू आहे."

"मी दुपारी तिच्याजवळ उभा राहून आलो. फिरताना आवाज अगदी ठणठणीत आहे. तुमच्यापेक्षा बरी आहे."

मी गप्प बसलो. आंधळ्या माणसापुढे गप्प बसणं फारसं उपयोगी नसतं, त्याला ते नीट ऐकू येतं.

"तुमचे हेडफोन जुने आहेत," ते म्हणाले. "आवाज बाहेर गळतो. गेल्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार, चार दिवस, साडेपाच ते सहा. मी पावणेसहाची बस सोडत होतो."

"मी पातळी तपासत होतो."

"हो ना. मंगळवारी एकच फाईल सहा वेळा तपासलीत. तिसऱ्या पानावरच्या नदीच्या नावाला अडखळतात आणि हसतात, ती."

मी टेबलावरचे कागद सरळ केले. सरळच होते.

"शुक्रवारपासून काही नाही," ते म्हणाले. "म्हटलं बिघडलं का. माझी बस वेळेवर मिळायला लागली हो. घरी बायको विचारते, एवढ्या लवकर कसे आलात."

मग मी त्यांना सांगितलं. मनाई, सर्व, सगळं. ते हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील, आणि हसले असते तर बरं झालं असतं.

"एकोणीस वर्षं मी त्यांच्या चुका काढल्या," ते म्हणाले. "यादी दिली की आधी दहा मिनिटं भांडायच्या आणि मग परत वाचायच्या. काल एका शाळेतून एका मुलीचा फोन होता. म्हणाली, त्या बाई नववा धडा कधी वाचणार आहेत? तिला अजून माहीत नाही."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, बाईंनी वाचून ठेवलाय. आमच्या साहेबांनी कुलूप लावलंय."

काठी घेऊन गेले. दारात थांबून म्हणाले, "नव्या बाई बऱ्या वाचतात. मला आवडू नयेत असा मी फार प्रयत्न केला."

गुरुवार, १३ मार्च

सकाळी आठला गेलो. कोणी यायच्या आधी.

मालकी घेण्याची ओळ टाइप केली. एंटर दाबलं. काळ्या खिडकीत एकेका फायलीचं नाव येऊन वर सरकत राहिलं आणि प्रत्येकीखाली, यशस्वी, यशस्वी. फाईलचं नाव तारखेवरून पडतं, त्यामुळे एकोणीस वर्षं क्रमाने गेली. शेवटी शेवटी तारखांमध्ये अंतर वाढत गेलेलं दिसलं. एका महिन्यात बारा, मग पाच, मग दोन. दर वेळी काचेपलीकडे बसून रेकॉर्डिंग करत होतो, तेव्हा हे लक्षात आलं नाही. ही म्हणायची, घसा धरलाय. मी माईक बदलून दिला होता. चांगला माईक होता.

चार हजार सहाशे सत्तावीस फायली. चौदा मिनिटं लागली.

मग मनाई काढली. मग परवानगीची ओळ लिहिली. फोल्डर ०७, सर्व, आणि या वेळी पहिलं अक्षर, वाचण्याचं. ऐकायचं त्याने ऐकावं, प्रत घ्यायची त्याने घ्यावी. पुसायची परवानगी कोणालाही नाही. संचालिकांना नाही आणि मलाही नाही. मालक म्हणून मला ते कधीही बदलता येईल हे मला माहीत आहे, म्हणून सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर केली आणि ती डिस्क तपासनिसांच्या कपाटात ठेवली. या मालकाचा भरवसा नाही, हे गेल्या आठवड्यात सिद्ध झालं आहे. कच्च्याची प्रत न ठेवण्याचा नियमही रद्द केला.

बाकीच्या एकतीस फोल्डरांनाही तिसरं अक्षर काढून पहिलं लावलं. ज्याचं काम त्याला तेवढं बदलण्याचं. ठरावाविरुद्ध आहे. संचालिकांना सांगितलं, तर म्हणाल्या, "अहो, तुम्ही हे पहिल्याच दिवशी करायचं होतं. आम्ही सगळं म्हटलं, ते बोलण्यात म्हटलं." मी मान डोलावली.

शनिवार, १५ मार्च

काल आणि आज नववं प्रकरण कापलं. कच्चं एक तास अठ्ठावन्न मिनिटं, पक्कं सदतीस. नव्या वाचकबाई शेजारी बसल्या होत्या. हेडफोन एकच असल्यामुळे स्पीकरवर लावावं लागलं. आमच्या भिंती प्लायवूडच्या. थोड्या वेळाने दारात ग्रंथपालबाई, त्यांच्या मागे संचालिका. कोणाकडे काही काम नव्हतं बहुतेक.

विसाव्या मिनिटाला ही थांबते, पाणी पिते आणि काचेपलीकडे मला म्हणते, "अहो, तुम्ही ऐकताय का नुसते बघताय? दोन ओळी गाळल्या मी. बोलायचं तरी." मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग दोन ओळी परत.

दारात कोणीतरी नाक ओढलं. मी म्हटलं, खोलीत धूळ फार आहे, दार लावून घ्या. कोणी लावलं नाही.

ते बोलणं पक्क्यातून कापलं. मुलांना भूगोल हवा आहे. मुलीला मात्र तेवढा तुकडा पाठवला. तिचं उत्तर आलं नाही, फोन आला. बराच वेळ ती काही बोलली नाही आणि मीही. शेवटी म्हणाली, "बाबा, तिने बोलायला सांगितलंय तुम्हाला." मी म्हटलं, ते रेकॉर्डिंगबद्दल आहे.

तपासनिसांनी नववं ऐकून यादी दिली. एकच चूक. माझी. बाविसाव्या मिनिटाला श्वास अर्धा कापला गेला आहे. दहा मिनिटं भांडलो. मग दुरुस्त केला.

सोमवार, १७ मार्च

नववं प्रकरण शाळांना गेलं. नव्या बाईंनी दहावं सुरू केलं. सुरुवातीला स्वतःचं नाव सांगण्याआधी त्यांनी आपण होऊन एक वाक्य वाचलं, की इथवरचं पुस्तक आधीच्या वाचकबाईंनी वाचलं आहे, आणि तिचं नाव घेतलं. पुस्तकात नसलेलं वाक्य वाचायचं नाही, असा नियम आहे. कापायला हवं होतं.

कापलं नाही. तपासनिसांच्या यादीतही आलं नाही. त्यांचंही कधीतरी लक्ष चुकतं.

कोणता फोल्डर कोणी उघडला, त्याची नोंद संगणक ठेवतो. ०७ आत्तापर्यंत बाकीच्या आठही जणांनी उघडला आहे. ग्रंथपालबाईंनी सहा वेळा. त्यांची फाईल शोधायची पद्धत चुकत असणार. उद्या एक वाजता समजावून सांगेन.

साडेपाचला शेजारच्या खोलीत हिचा आवाज सुरू झाला. तपासनिसांनी स्पीकर लावला होता, मोठ्याने. चार वर्षांपूर्वीचं काहीतरी, समुद्राच्या प्रवाहांबद्दल. मी पिशवी उचलली आणि पाच मिनिटं दारातच उभा राहिलो. मग निघालो.

घरी उजेड असताना पोचलो. गॅलरीत दोरीवर कपडे वाळले होते. काढले, घड्या घातल्या. दोन टॉवेल, तीन शर्ट, एक उशीचा अभ्रा. कपाटात खालच्या खणात ठेवले आणि कपाट लावलं.